बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद केला तर हार्ड डिस्क खराब होते का?

आधी उत्तर. एक-दोन वेळा पॉवरचं बटण दाबून धरलं म्हणून हार्ड डिस्क मरत नाही. धोका असतो तो डिस्कवरच्या मजकुराला. त्या क्षणी जे लिहिलं जात होतं ते अर्धवट राहू शकतं, आणि ती विंडोजच्याच कामाची फाइल असेल तर पुढच्या वेळी विंडोज सुरू व्हायला कुरकुर करतं. मात्र आठवड्यातून चार वेळा बटणाशिवाय गत्यंतरच उरत नसेल, तर कॉम्प्युटर मुळात का अडकतो हे शोधायला हवं. बऱ्याचदा गुन्हेगार तीच हार्ड डिस्क निघते.

डिस्कच्या आत काय घडतं

डेस्कटॉपमधली 3.5 इंची डिस्क बहुधा मिनिटाला 7200 फेरे घेते, लॅपटॉपमधली 2.5 इंची डिस्क 5400. वाचणारं-लिहिणारं हेड आतल्या फिरत्या तबकडीला टेकलेलं नसतं. फिरण्यामुळे तयार होणाऱ्या हवेच्या पातळ थरावर, तबकडीपासून काही नॅनोमीटरवर ते तरंगत असतं. म्हणून वाटतं, की वीज गेली, तबकडी थांबली, की हेड धाडकन खाली पडणार. तसं होत नाही. वीज तुटली तरी तबकडी काही सेकंद स्वतःच्या वेगाने फिरत राहते. तेवढ्यात तिची मोटर उलट जनरेटरसारखी काम करते आणि त्या विजेवर हेड मागे खेचलं जाऊन बाजूच्या उतारावर जाऊन बसतं. ‘टक्’ असा जो आवाज ऐकू येतो तो याचाच. 1980च्या दशकातल्या बऱ्याच डिस्कमध्ये ही सोय नव्हती. तिथे बंद करण्याआधी हेड पार्क करण्याची कमांड हाताने द्यावी लागायची. आजची भीती ही त्या काळाची उरलेली सावली आहे.

हे आणीबाणीचं पार्किंग नेहमीच्यापेक्षा जोरात होतं, त्यामुळे झीज जास्त, हे खरं. लॅपटॉपच्या काही डिस्कच्या माहितीपत्रकांत नेहमीचं पार्किंग 6 लाख वेळा आणि आणीबाणीचं 20,000 वेळा असे आकडे दिलेले असतात. रोज एकदा बटण दाबून धरलं तरी 20,000 गाठायला 54 वर्षं लागतील. थोडक्यात, यंत्राची काळजी बाजूला ठेवा आणि मजकुराकडे वळा.

‘सेव्ह’ केलं म्हणजे फाइल तबकडीवर उतरली असं नाही. मजकूर आधी विंडोजच्या ताब्यातल्या रॅममध्ये थांबतो, मग डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या चिपमध्ये (आजच्या डिस्कमध्ये साधारण 64 ते 256 एमबी) आणि मग तबकडीवर जातो. वीज तुटली की पहिल्या दोन ठिकाणचं सगळं पुसलं जातं. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम त्यावर उपाय म्हणून रोजकीर्द ठेवते. आधी ‘अमुक बदल करणार आहे’ अशी नोंद, मग प्रत्यक्ष बदल. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी सुरू होताना अर्ध्या नोंदी शोधून त्या पुऱ्या केल्या जातात किंवा रद्द होतात. पण या रोजकीर्दीत असतं ते फाइलचं नाव, आकार, जागा. आतला मजकूर नसतो. म्हणूनच कधीकधी फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर असतो, आणि उघडली की आत नुसती शून्यं. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डावरच्या फॅट32 आणि एक्सफॅटमध्ये तर ही रोजकीर्दही नसते, त्यामुळे तिथे पूर्ण फोल्डर गायब होण्यापर्यंत मजल जाते.

आणखी एक प्रकार घडतो. डिस्क बहुधा 4096 बाइटच्या तुकड्यांत, म्हणजे सेक्टरमध्ये लिहिते आणि प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळणीचा कोड ठेवते. तुकडा लिहिता लिहिता वीज गेली तर मजकूर आणि कोड जुळत नाहीत, आणि डिस्क तो तुकडा ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला नोंदवते. तबकडीला जखम झालेली नसते. त्या जागी पुन्हा काही लिहिलं की बहुतेक वेळा सेक्टर ठणठणीत होतो.

एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नाही म्हणून ती निर्धास्त, हा समज चुकीचा. कुठला मजकूर कुठल्या चिपमध्ये आहे याचा नकाशा एसएसडी सतत बदलत असते. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडीत वीज गेल्यावर तो नकाशा लिहून घेण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर असतात, घरगुती एसएसडीत सहसा नसतात. नकाशा बिघडला तर एसएसडी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये, दिसेनाशी होते. अशा वेळी घाईने फेकून देऊ नका. साटा (केबलने जोडलेली) एसएसडी असेल तर डेटाची केबल काढून फक्त पॉवरची केबल अर्धा तास जोडून ठेवा. एम.2 (थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी) असेल तर मशीन बायोसच्या पडद्यावर अर्धा तास तसंच राहू द्या. कधीकधी ती तेवढ्या वेळात नकाशा पुन्हा जुळवते.

बटण दाबून धरण्याआधी

याच क्रमाने जा. निम्म्या वेळा मधल्याच पायरीवर काम होऊन जातं.

1. डिस्कचा दिवा पाहा. कॅबिनेटवर किंवा लॅपटॉपच्या कडेला असतो. लुकलुकत असेल तर काहीतरी वाचन-लेखन चालू आहे. 4 जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेलं मशीन दहा-पंधरा मिनिटं मेल्यासारखं वागतं आणि मग शुद्धीवर येतं. चहा करून या. नव्या लॅपटॉपांना हा दिवा नसतो, तिथे पुढची युक्ती वापरा.

2. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे? मग यंत्रणा जिवंत आहे, फक्त एखादा प्रोग्रॅम अडकलाय. दिवा ढिम्म असेल तर अडचण खोलवरची आहे.

3. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप. टास्क मॅनेजर उघडायला मिनिटभर लागू शकतो, तेवढ्यात तीच बटणं दहा वेळा दाबू नका. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसणारा प्रोग्रॅम निवडून ‘एंड टास्क’ करा.

4. पडदाच काळा झाला असेल, पण आवाज येत असेल, तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बीप ऐकू येते आणि पडदा परत येतो. ही युक्ती फार थोड्यांना माहीत असते.

5. कंट्रोल + ऑल्ट + डिलीट. खाली उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह दिसतं, तिथून रीस्टार्ट करा. तेही होत नसेल तर कंट्रोल दाबून ठेवून त्याच चिन्हावर क्लिक करा. ‘इमर्जन्सी रीस्टार्ट’ असा पर्याय येतो. सेव्ह न केलेलं काम जातं, पण डिस्कची वीज तुटत नाही.

6. पॉवरचं बटण एकदाच, टिचकीसारखं दाबा आणि दोन मिनिटं थांबा. डेस्कटॉपवर याचा अर्थ सहसा ‘नीट बंद हो’ असा असतो, लॅपटॉपवर ‘झोप’. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली ‘पॉवर बटण काय करेल’ हे ठरवता येतं. ते आजच ‘शट डाउन’ करून ठेवा, अडचणीच्या दिवशी तिथवर पोहोचता येत नाही.

7. डेस्कटॉपला रीसेटचं छोटं बटण असेल तर ते वापरा. रीसेटने प्रोसेसर नव्याने सुरू होतो, पण डिस्कला वीज मिळत राहते. तिच्या कॅशमधलं लिहून होतं आणि हेडलाही झटका बसत नाही. दोन बटणांपैकी हेच सौम्य, तरी लोक मोठंच दाबतात.

8. एवढं करूनही काही हललं नाही, तर डिस्कचा दिवा शांत असल्याचं पाहून पॉवरचं बटण दाबून धरा. बहुतेक मशीन 4 सेकंदांत बंद होतात, काही लॅपटॉपांना 10 सेकंद किंवा जास्तही लागतात. भिंतीवरचा स्विच किंवा बॅटरी यांना हात लावू नका. बंद झाल्यावर 15 सेकंद मशीन जागचं हलवू नका आणि लगेच सुरूही करू नका. तबकडी अजून थांबलेली नसते, आणि लॅपटॉप झटकन उचलून बॅगेत कोंबण्याची हीच सर्वांत वाईट वेळ.

उबुंटूसारखं लिनक्स वापरत असाल तर सातव्या पायरीच्या आधी आणखी एक दार आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. एसने रॅममधलं डिस्कवर उतरतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने मशीन रीस्टार्ट होतं. उबुंटूत या तिन्ही कळा मुळातच चालू ठेवलेल्या असतात.

काही वेळा बटणाला स्पर्शच नको. बायोस अपडेट चालू असताना वीज तोडली तर डिस्क वाचेल, मदरबोर्ड मात्र कायमचा गप्प होऊ शकतो. पार्टिशन लहान-मोठं करताना तोडली तर एका फाइलवर भागत नाही, अख्खा ड्राइव्ह पणाला लागतो. विंडोज अपडेटचा टक्का तासभर एकाच आकड्यावर अडकणं हार्ड डिस्कवर नवलाचं नाही. दिवा लुकलुकत असेल तोवर थांबा. दोन-तीन तास टक्काही हलत नाही आणि दिवाही शांत, असं असेल तरच बटणाकडे जा.

पुन्हा सुरू केल्यावर

विंडोज सुरू होताना डिस्क तपासत असेल, तर ‘तपासणी टाळायला कुठलीही कळ दाबा’ या सूचनेकडे दुर्लक्ष करून तपासणी होऊ द्या. सलग दोन-तीनदा सुरुवात फसली तर विंडोज आपोआप दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जातं. तिथे बिटलॉकरची (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) 48 अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते का, हे आधीच पाहून कागदावर उतरवून ठेवलेलं बरं.

डेस्कटॉप दिसला की पहिलं काम दुरुस्तीचं नाही, कॉपीचं. बंद होताना जी फाइल उघडी होती तिची आणि तिच्या फोल्डरची दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्या. वर्ड स्वतःहून वाचवलेली प्रत समोर ठेवतं. ती मूळ फाइलवर न चढवता वेगळ्या नावाने सेव्ह करा. टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालू होतं तर कंपनीचं डेटा फोल्डर जसंच्या तसं बाजूला ठेवा आणि त्यानंतरच त्या सॉफ्टवेअरची ‘रिपेअर’ सोय वापरा. दुरुस्ती फसली तर परतायला जागा हवी.

मग डिस्क तपासा. ‘धिस पीसी’ उघडून सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. विंडोज चालू असतानाच ही तपासणी होते. चूक सापडली तर रीस्टार्टनंतर दुरुस्तीची परवानगी मागते, ती द्या. रीस्टार्टच करा, बंद-चालू नको. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ने यंत्रणा पूर्ण बंद होत नाही, काही भाग डिस्कवर गोठवून ठेवला जातो. रीस्टार्टने सगळं कोरं सुरू होतं.

विंडोजच्याच फाइल बिघडल्याची शंका असेल (स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज बंद पडतं), तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून सिस्टिम फाइल चेकर चालवा. एस, एफ, सी ही अक्षरं, एक जागा, स्लॅश आणि पुढे सलग ‘स्कॅननाऊ’, सगळं इंग्रजी अक्षरांत. दहा-वीस मिनिटं लागतात.

आता डिस्कची प्रकृती. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. वर निळा, पिवळा किंवा लाल रंग दिसतो, पण फक्त रंगावर जाऊ नका. उजवीकडच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ सुरुवातीला षोडशमान पद्धतीत (0 ते 9 आणि पुढे ए ते एफ) असतात. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरखाली त्या दशमान करून घ्या, नाहीतर उगाच घाबरायला होतं. मग हे पाहा:

सी0 म्हणजे 192 क्रमांकाची नोंद: वीज अचानक तुटून हेड किती वेळा मागे खेचलं गेलं. हा आकडा मोठा दिसला म्हणून डिस्क आजारी नाही. बटणाची सवय किती आहे तेवढं तो सांगतो. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणीच्या) एसएसडीत हीच गोष्ट ‘अनसेफ शटडाउन्स’ नावाने दिसते.

05, सी5 आणि सी6: बदललेले, प्रतीक्षेतले आणि वाचता न येणारे सेक्टर. तिन्ही शून्य हवेत. बटण दाबल्यानंतर सी5 मध्ये 1 किंवा 2 दिसले तर तो वर सांगितलेला अर्धवट लिहिलेला तुकडा असू शकतो. आकडे वहीत लिहा, आठवड्याने पुन्हा पाहा. 2चे 0 झाले तर विषय संपला. 2चे 9 आणि 9चे 40 झाले तर नवी डिस्क घेऊन या.

सी7: केबलच्या चुका. हा वाढत असेल तर साटा केबल बदला. डिस्कवर हजारो खर्च करण्याआधी दीड-दोनशे रुपयांच्या केबलला संधी द्या.

कारण आणि परिणामाची उलटापालट

‘बटणाने बंद केला आणि तेव्हापासून डिस्क बिघडली,’ असं दुकानात रोज ऐकू येतं. पुष्कळदा घटनांचा क्रम उलटा असतो. डिस्क आधीपासूनच खराब सेक्टरशी झगडत होती. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न चालला होता म्हणून विंडोज गोठलं, आणि गोठलं म्हणून बटण दाबलं गेलं.

हे पडताळता येतं. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद म्हणजे मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच. तिच्या आधीच्या अर्ध्या तासातल्या नोंदी वाचा. स्रोत ‘डिस्क’ आणि क्रमांक 7 किंवा 153 असेल तर डिस्क बटणाच्या आधीच रडत होती. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि वेग मात्र सेकंदाला काही केबी, हे त्याच आजाराचं दुसरं लक्षण. यांपैकी काहीच नसेल तर नजर दुसरीकडे वळवा: धूळ बसलेला पंखा, सैल रॅम, थकलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा).

डिस्क आजारी ठरली तर आधी महत्त्वाचे फोल्डर बाहेर काढा, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोलाचे आधी. ‘खराब सेक्टर शोध आणि दुरुस्त कर’ अशी तासन्‌तास चालणारी पूर्ण तपासणी अशा डिस्कवर करू नका. सुट्टीवर निघालेल्या माणसाला शेवटच्या दिवशी पोती उचलायला लावण्यासारखं आहे ते. टक्-टक्-टक् असा ठरावीक तालात आवाज येत असेल तर मशीन तत्काळ बंद करा, इथे बटण दाबून धरणंच योग्य. आतला डेटा हवा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. घरी झाकण उघडणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं हे प्रयोग उरलीसुरली आशा संपवतात.

लाइट गेली तर

डिस्कच्या दृष्टीने लाइट जाणं आणि बटण दाबून धरणं एकच. फरक असा की लाइट जाताना डिस्कचा दिवा बघून थांबायची सोय नसते, आणि परत येताना ती बऱ्याचदा दोन-तीनदा झटके देत येते. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात एका संध्याकाळी चार वेळा लाइट गेली-आली तर मशीनही चार वेळा अर्ध्यातून बंद पडतं. म्हणून बायोसमध्ये ‘एसी पॉवर लॉस’संबंधीचा पर्याय शोधून तो ‘पॉवर ऑफ’ ठेवा, म्हणजे प्रत्येक झटक्याला मशीन आपोआप सुरू होणार नाही. लाइट आल्यावर पाच मिनिटं जाऊ द्या.

चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर सेकंदाचा साधारण साठावा भाग, म्हणजे 16-17 मिलिसेकंद मशीन सांभाळतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस मोड’वर आहे ना ते पाहा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो. पंखे-दिव्यांना तो जाणवत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो.

600 व्हीएचा छोटा यूपीएस एका घरगुती डेस्कटॉपला आणि मॉनिटरला दहा-पंधरा मिनिटं देतो. ती मिनिटं काम पुढे रेटायला नाहीत, सेव्ह करून नीट बंद करायला आहेत. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तापताना तो इतकी वीज ओढतो की यूपीएस मान टाकतो. आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि आधी सांगत नाही. म्हणून तीन महिन्यांतून एकदा सगळ्या फाइल बंद करा आणि यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करून घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत रडगाणं सुरू झालं तर बॅटरी बदला, यूपीएस तोच चालेल.